सोसायटीचा पडदा

माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सुटे स्क्रू आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. स्क्रू निदान डबीत राहतात. किस्से मात्र चहा आला की बाहेर पडतात, आणि त्यातले निम्मे थळच्या पुढे, रेवसच्या रस्त्याला असलेल्या एका छोट्या मच्छीमार सोसायटीचे.

तिथे कॉम्प्युटर एकच. चेअरमन म्हणजे गावातले जुने नाखवा, दोन होड्यांचे मालक. पण त्या कॉम्प्युटरवर खरा जीव हिराआजीचा. तिचा मुलगा रमेश मालवाहू जहाजावर आहे. बंदरात रेंज मिळाली की तो सोसायटीत व्हिडिओ कॉल करतो. आजीचे डोळे अधू, मोबाईलवरचा चेहरा तिला दिसत नाही. त्यामुळे पडदा बिघडला की माझ्याआधी आजी हजर. "माजा पोर दिसंल ना?" एवढाच तिचा प्रश्न.

*

पहिल्यांदा पडद्यावर आडव्या रेघा आल्या. नाखवांनी मला न विचारता नवा मॉनिटर आणला, हार घातला, नारळ फोडला. रेघा तशाच! मी तपासलं. पडदा धडधाकट होता, आतल्या सिस्टिम फाइल्स खराब झाल्या होत्या.

नाखवा शांतपणे म्हणाले, "म्हंजे भोक होरीला, आन् आमी शीड बदललं."

*

फाइल्स का खराब होतात, तेही कळलं. खारी हवा वायरी खाते, म्हणून कुलूप लावताना मेन स्विच पाडायची तिथली पद्धत. कॉम्प्युटर चालू असला तरी!

मी फाइल्सची दुरुस्ती सुरू केली. ती सावकाश शंभर टक्क्यांपर्यंत जाते. नव्वदवर आल्यावर चहाला गेलो, परत येतो तर दाराला कुलूप. नाखवा घरी जेवत होते. मी डोक्याला हात लावला, तर मलाच विचारतात, "जेवाया बसताना इंजिन चालू ठेवतात काय?"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आजी तोवर पायरीवर बसून होती.

*

मग मी मेन स्विचवर चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नये'. होळीला सोसायटी बंद राहिली. उघडली तेव्हा पंखा, ट्यूब, रेडिओ, सगळं चालू.

"तूच लिवलंस ना?" नाखवा म्हणाले.

*

एकदा नाखवांचा फोन. "पडदा काला हाय, पन आतून आवाज येतो."

"कसला आवाज?"

"रमेशचा."

मी पोहोचेपर्यंत आजी काळ्या पडद्याशी बोलून मोकळी झाली होती. म्हटलं, आवाज तरी ऐकलात. ती म्हणाली, "आवाजाचं काय? तो नुसता बरा हाय, बरा हाय म्हनतो."

*

गेल्या पावसाळ्यानंतर फाइल्स पुन्हा गेल्या. पडदा सुरू व्हायचा, पण सगळं अवाढव्य दिसायचं. मी खुर्ची ओढली आणि तेवढ्यात रमेशचा कॉल आला. आजी शेजारीच होती, थांबा कसं म्हणणार? कॉल घेतला.

एरवी कोपऱ्यात दिसणारा रमेशचा चेहरा या वेळी पडद्यावर काठोकाठ भरला.

"बरा हाय गं आये," तो म्हणाला.

आजी पुढे सरकली. तिने त्याच्या भुवईवर बोट ठेवलं, काचेवरच.

"ही खोक कवा पडली?"

रमेशने भुवई हाताने झाकली. मग हळूच म्हणाला, जहाजावर दोर तुटून लागला, मागच्या कॉलच्याही आधी.

आजी रागावली नाही. जेवतोस का विचारलं, जखमेला खारं पाणी लावू नको म्हणाली. मला तिथे बसवेना. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

कॉल संपल्यावर दुरुस्ती पुरी केली. संध्याकाळपर्यंत सगळं पहिल्यासारखं बारीक आणि सुबक झालं.

"झालं, आजी," मी म्हटलं. "आता रमेश नेहमीसारखा दिसेल."

आजीने पदराने काच पुसली.

"म्हंजे आता तो परत खोटं बोलाया मोकला."