बॉयलरनानांची उदबत्ती

बॉयलरनाना रोज सकाळी बॉयलरला उदबत्ती दाखवत. आधी बैठकीच्या खोलीतल्या काकूंच्या, म्हणजे त्यांच्या दिवंगत बायकोच्या फोटोला आणि मग स्वयंपाकघरातल्या बॉयलरला. इंग्लंडात लेस्टरमधल्या त्यांच्या घरी मी वरची खोली भाड्याने घेतली आणि दुसऱ्याच सकाळी हे दृश्य पाहिलं. पुण्याच्या मैत्रिणींना लगेच मेसेज करून कळवलं, की माझा घरमालक गॅसच्या बॉयलरची पूजा करतो. त्या हसल्या, मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

कारण ती पूजा नव्हती. घर उबदार ठेवणारा तो बॉयलर जुन्या पद्धतीचा होता, खोलीतलीच हवा घेऊन जळायचा आणि जळालेला वायू चिमणीतून वर सोडायचा. त्याच्या डोक्याशी एक आडवी फट होती. नाना तिच्यापाशी उदबत्ती धरत. धुराची रेघ फटीत ओढली गेली, की चिमणी मोकळी आहे आणि विषारी वायू घरात साठत नाही, असं समजायचं. मग ते पत्र्यावर तळवा ठेवून, मान तिरकी करून आवाज ऐकत आणि म्हणत, "खुशीत आहे." त्यानंतर चहा.

हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात ते बॉयलरवर लागले आणि इकडे आल्यावर तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या बॉयलर हाउसमध्ये काढली. लेस्टरमधली मराठी मंडळी त्यांना बॉयलरनाना म्हणत आणि त्यांना त्याचा अभिमान होता. गणपतीत कुणाच्याही घरी गेले तरी आधी स्वयंपाकघरातलं कपाट उघडून बॉयलर ऐकणार, मग गणपतीला नमस्कार. यजमानीण कावरीबावरी होई. "बॉयलर बोलतो गं पोरी," ते मला सांगत, "पण माणसागत दोनदा सांगत न्हाई."

त्यांचा एक नियम होता आणि तो ते मीठमसाल्यासारखा कशातही घालत. "बघितलं न्हाई ते बघितलं म्हणायचं न्हाई. आणि बघितलं तर बोलायचं." दूध उतू गेलं, माझी पार्सलं शेजारी गेली, काहीही झालं तरी हेच. एकदा मी विचारलं, की हा नियम आला कुठून. कारखान्यात त्यांच्या पाळीतल्या एकाने वर न चढताच बॉयलरमधल्या पाण्याची पातळी वहीत लिहून टाकली होती, एवढं त्यांनी सांगितलं. पुढे काय झालं ते सांगितलं नाही. उजव्या हाताची बाही मात्र मनगटापर्यंत ओढून घेतली. तिथे भाजल्याचा जुना डाग होता, कोपरापासून थेट खाली आलेला. मी पुन्हा विचारलं नाही.

असा माणूस स्वतःच्या घरातला बॉयलर इतका जुना होऊ देईल, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण त्याचं कारण बॉयलरमध्ये नव्हतं. नाना दर वर्षी मार्चमध्ये कायमचे गावाकडे परत जाणार होते. काकू असताना दोघं जाणार होती, काकू गेल्यावर एकटे जाणार होते. त्यामुळे त्या घरात कशालाच नवं करायचं नव्हतं. गालिचा विरला होता, सोफ्यावर चादर टाकून त्याचं वय झाकलं होतं आणि कपाटावर एक मोठी बॅग कायम अर्धी भरलेली असे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. इथे हॉस्पिटलचं पत्र येऊन पडलं होतं, पण ऑपरेशनसुद्धा "तिकडंच करू." मी चिडवायची, "नाना, तुमच्या मार्चला कॅलेंडरमध्ये जागाच नाही." ते हसत आणि बॅगेत आणखी एक स्वेटर ठेवत.

त्या वर्षी सप्टेंबरात नेहमीचा गॅसवाला तपासणीला आला. अबोल, उंच गृहस्थ. त्याने तासभर सगळं पाहिलं, कागदावर सही केली आणि उठताना सांगितलं, की आज हा सुरक्षित आहे, पण याचे भाग आता मिळत नाहीत. तो म्हणाला, मी तुमच्या जागी असतो तर थंडीच्या आधी बदलला असता, फेब्रुवारीची खात्री माझ्याकडे मागू नका. जाताना बॉयलरशेजारच्या फळीवर त्याने विषारी वायू साठला की वाजणारा अलार्म ठेवला. पांढरा, साबणदाणीएवढा.

रविवारी मायाचा फोन आला, नानांनी तो स्पीकरवर लावला. माया म्हणजे नानांची मुलगी, एडिनबराला हॉस्पिटलात नोकरीला. तिचं मराठी इथे जन्मलेल्या मुलांचं असतं तसं. "बाबा, ती बॉयलर खूप जुना झाली आहे. प्लीज, विंटरच्या आधी चेंज करा. आय ॲम सीरियस."

"मार्चमध्ये जायचंय गं. यंदाचा एक हिवाळा. एका हिवाळ्यासाठी भिंती कशाला फोडायच्या?"

"तुम्ही एव्हरी इयर हेच बोलता."

नानांनी फोन हाताने झाकला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुझं काय मत? तूबी ह्याच घरात राहतीस."

मी तेव्हा लॅपटॉप उघडून टेबलाशी बसले होते. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, त्यात डिसेंबरात प्रोजेक्ट संपवायचा. घरात ठोकाठोकी आणि धूळ नको होती, इतका सरळ स्वार्थ होता. शिवाय वडीलधाऱ्यांना नाही म्हणायची सवय नव्हती. "चालतोय तर राहू दे की," मी म्हटलं. नाना फोनवर म्हणाले, "बघ, पोरगीबी तेच म्हणतीय."  हे वाक्य मी पुढे किती वेळा आठवलं असेन, त्याची गणती नाही.

नोव्हेंबरात थंडी वेळेआधी पडली. बॉयलर दिवसभर चालू राहू लागला. खिडक्यांच्या काचा आतून सारख्या घामेजलेल्या असत. घरून काम असलं की दुपारपर्यंत माझं डोकं जड होई. ऑफिसला गेले, की रस्त्यातच उतरे. मी दोष स्क्रीनला दिला, मग न दिसणाऱ्या सूर्याला दिला. नाना दुपारी झोपत नसत, ते आता जेवल्यावर खुर्चीतच पेंगायचे. "वय झालं," ते म्हणाले आणि मी मान डोलावली. बॉयलरच्या छोट्या काचेतून दिसणारी ज्योत पूर्वी निळी असायची, ती पिवळी दिसू लागली. नुकतीच दिवाळी झाली होती. मला ती पणतीसारखी वाटली आणि छान वाटली. गॅस नीट जळेनासा झाला की ज्योत पिवळी होते, हेही न कळण्याइतकी मी शहाणी.

एका संध्याकाळी नाना भाजी आणायला बेलग्रेव्ह रोडला गेले होते. मी धूर बाहेर ओढणारा पंखा लावून आमटीला फोडणी दिली आणि फळीवरचा अलार्म किंचाळू लागला. आपल्या लोकांच्या घरात अलार्म आणि फोडणी यांचं वैर ठरलेलं आहे. आधीच्या भाड्याच्या घरात छतावरच्या धुराच्या अलार्मला आम्ही मैत्रिणी प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवायचो. हा अलार्म धुराचा नाही, वायूचा आहे, मोहरी-मिरचीने तो ओरडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्यावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. बॅटरी काढली आणि त्याला ड्रॉवरमध्ये पोळ्यांच्या फडक्याखाली ठेवून दिलं. नाना आल्यावर आमटी गरम होती, अलार्मचा विषय निघाला नाही.

त्यानंतर आठवड्याभराची गोष्ट. सकाळी मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. नानांनी फटीशी उदबत्ती धरली. धुराची रेघ फटीपाशी गेली, अडखळली आणि मागे फिरून त्यांच्या चेहऱ्यावर आली. नानांनी तळवा पत्र्यावर ठेवला. "खुशीत आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, हवेचा काहीतरी प्रकार असेल, नानांना कळतंच आहे. ज्याला कळत होतं त्याला दिसत नव्हतं आणि जिला दिसत होतं तिला कळत नव्हतं. असे आम्ही दोघं एकाच स्वयंपाकघरात सहा दिवस चहा पीत होतो.

शनिवारी मी सहज, चिडवायच्या सुरात बोलले. "नाना, तुमचा बॉयलर रुसलाय. धूर आत जायचा सोडून तुमच्याच तोंडावर येतोय."

ते वळले नाहीत. "कधीपासून?"

"आठवडा झाला असेल."

त्यांनी उदबत्ती पुन्हा फटीशी धरली आणि नाक लावावं इतके जवळ गेले. तरी त्यांना धुराची रेघ दिसली नाही. हे त्यांना त्याच क्षणी समजलं आणि ते समजताना मी पाहिलं. त्यांनी कॉक फिरवून गॅस बंद केला, मागचं दार उघडलं, एकेक खिडकी उघडत गेले.  मग माझा कोट माझ्या अंगावर टाकून मला बाहेर अंगणात उभं केलं. "तीस वर्षं," ते म्हणाले, "अख्खं हॉस्पिटल सांभाळलं मी. आणि माझ्याच घरात दुसऱ्याची लेक..." 

गॅसवाला आला. चिमणीत वरून विटामाती पडून वाट जवळजवळ बुजली होती आणि स्वयंपाकघरातला पंखा लावला की उरलासुरला वायू उलटा खाली ओढला जात होता. त्याने बॉयलरवर 'धोका, वापरू नये' अशी लाल चिठ्ठी चिकटवली आणि आमच्या दोघांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. नवा बॉयलर बसवायला जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडणार होता. नानांनी मला त्याच दुपारी मैत्रिणीकडे पाठवलं. स्वतः मात्र ना तिच्याकडे आले, ना मायाकडे गेले. विजेचा एक हीटर घेऊन त्या गार घरात राहिले. माया येऊन रडली, मी जाऊन भांडले. "मला काय होतंय," एवढंच त्यांचं उत्तर. ते स्वतःला शिक्षा देत होते, हे आम्हाला दोघींना कळत होतं.

नवीन वर्ष लागताच न्यूमोनियाने त्यांना गाठलं. ज्या हॉस्पिटलला त्यांनी तीस वर्षं ऊब दिली, तिथेच त्यांना दाखल केलं. ते तिथे असतानाच नवा बॉयलर बसला. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पहिलं तेच विचारलं. "उदबत्ती धरून बघितलीस?"

"हो, नाना. धूर झटकन आत गेला."

त्यांनी डोळे मिटले. "नवा बॉयलर सगळीकडनं बंद असतो, पोरी. त्यात धूर जात न्हाई." मग दम घेत म्हणाले, "बघितलं न्हाई ते बघितलं म्हणायचं न्हाई."

नियमाचा दुसरा अर्धा भाग ते बोलले नाहीत. मला तो ऐकू आलाच. तेव्हा मी सगळं सांगितलं. फोडणी, अलार्म, बॅटरी, पोळ्यांचं फडकं. मी रडत होते, त्यामुळे उलटसुलट सांगितलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "गॅस बंद केला त्याच दिवशी ड्रॉवरमध्ये घावला मला." माझा हात त्यांनी पलंगाच्या कडेवर दाबून धरला. "मायाला सांगू नगंस. उगं तुझ्यावर राग धरंल. चुकलं ते माझं, मीच बघत न्हवतो." आयुष्यभर पाळलेला नियम त्यांनी एकदाच मोडायला सांगितला, तो माझ्यासाठी.

मार्च लागायच्या आधी नाना गेले.

एप्रिलमध्ये माया घर आवरायला आली. मी मदतीला गेले. घर उबदार होतं आणि नव्या बॉयलरचा आवाजच येत नव्हता. कपाटावरची बॅग आम्ही दोघींनी मिळून खाली उतरवली. स्वयंपाकघर आवरताना मायाने ड्रॉवर उघडला, फडकं उचललं आणि अलार्म हातात घेतला. तो उलटा करून तिने मागची रिकामी जागा पाहिली. "हा घरात होता?" तिने विचारलं. "मग वाजला कसा नाही? बाबांनी बॅटरी काढली?"

हो म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. नानांनी तेच सांगून ठेवलं होतं.

"वाजला होता," मी म्हटलं. "बॅटरी मी काढली."

मायाने अलार्म माझ्यासमोर टेबलावर ठेवला.  बॅग उचलून गाडीत ठेवली आणि घराला कुलूप लावताना मला फक्त बाजूला व्हायला सांगितलं. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. अलार्म माझ्याकडे आहे, त्यात नवी बॅटरी घातली आहे आणि रोज सकाळी चहाच्या आधी मी त्याचं बटण दाबून पाहते.