मैनपाटच्या वाऱ्यात झोपायचं ठरलं तेव्हा

सहल ठरवायची म्हणजे कुणीतरी एकानं थकायचं असतं, आणि रायपुरातल्या आमच्या मराठी मंडळात तो एक नेहमी मीच असतो. ह्या वेळी मात्र ते काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. बायकोचं मोठं दुखणं नुकतंच सरलं होतं. वर्षभर तिनं औषधाशिवाय काही मागितलं नव्हतं, आणि एक दिवस गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाली, "मैनपाटले जाऊ. तिथं तंबूत झोपायचं हाये मले. वारा ऐकत."

दोघंच गेलो असतो तर प्रश्न नव्हता. पण तिला दुखण्यात भेटायला येऊन गेलेले सगळे हवे होते. म्हणून मी मंडळातल्या पाच-सहा घरांना विचारलं, आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

मैनपाटचं पठार उंचावर, वारा दिवसरात्र, रायपूरहून पोचायलाच अख्खा दिवस. तेव्हा दर रविवारी कुणाकडे तरी बैठक. आमच्यात पद्धत अशी की सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरत नाही, आणि जो गेल्या वेळी आला नव्हता त्याच्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून. पोहे संपायचे, चहा व्हायचा, तरी आम्ही निघायच्या वेळेवरच अडलेले. तंबू भाड्यानं आणू म्हटलं, तर एक काका उसळले, "काहून? गणपतीचा मंडप पडून हाये ना गोदामात!" झालं, सगळ्यांना पटलं. बांबू, कनाती, झालरी, सगळं घरचंच.

मंडप वाऱ्यात टिकतो का हे बघायला एका रविवारी तो मंडळाच्या अंगणात उभा केला. अंगणाला तिन्ही बाजूंनी उंच भिंती, झाडाचं पान हलत नव्हतं. मंडप छान उभा राहिला. टाळ्या पडल्या. खाली सतरंजी टाकून आम्ही पोहे खाल्ले आणि मंडप पास झाला. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पण इथं वारा कुठाय?" असं विचारल्यावर मात्र सगळे मान वर करून झालरींकडे बघू लागले. इतक्या बैठकांत पहिल्यांदाच त्यांना वाऱ्याची भीती वाटली असावी.

मग सूर बदलला. "वहिनीले झेपन का पण?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं तिच्या तब्येतीची काळजी केली. एक पोट्टी म्हणाली, "काकी के लिए रिस्क है, अंकल. वहाँ हॉल मिलता है, गद्दे के साथ." मीही म्हणालो, रात्री हिला गारठा बाधेल. ती तिथंच बसली होती, पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत. कुणीतरी म्हणालं, हॉल पाहिजे त्यांनी हात वर करा. पहिला हात तिचा वर गेला आणि लगेच एकमत झालं. मला भयंकर राग आला, तिचाही. इतके रविवार मी कुणासाठी झिजत होतो?

परत येताना स्कूटरवर मी विचारलंच. "तू काहून हात वर केला? तुले तर तंबू पाहिजे होता."

"सारे माह्यं नाव घेऊन आपली गादी मागून राहिले होते," ती मागून म्हणाली. "म्हटलं, देऊन टाकू."

"मी पण?"

"तुम्ही पण. थंडी मले नाही लागत. तुमच्या गुडघ्यांले लागते."

तेलीबांध्याच्या तलावाशी मी गाडी हळू केली. ती म्हणत होती ते खरं होतं. जमिनीवर झोपायच्या विचारानं मी पहिल्या बैठकीपासून धास्तावलो होतो, आणि हॉल ठरला तेव्हा रागाबरोबर सुटल्यासारखंही वाटलं होतं. सिग्नलला गाडी थांबली.

"हॉलच्या बाहेर एक तंबू लावू," मी म्हणालो. "आपल्या दोघांचा."

"अन् गुडघे?"

"दुखतील."