धनश्रीची चौथी दाढ

उधन्याच्या त्या गल्लीत भागीरथीच्या नादाला कोणी लागत नाही. साड्यांची गाठोडी आणणारा ठेकेदारसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नाही. अंमळनेरकडची बाई, पंधरा वर्षं घरात बसून साड्यांना गमने खडे चिकटवते. पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढा, वाघाची शेळी झालीच!

दोन वर्षांपूर्वी तिची धनश्री सात वर्षांची असताना शाळेतून चिठ्ठी आली. नव्या आलेल्या चार दाढांना खोल खाचा आहेत, घास अडकून कीड लागायच्या आत त्या बुजवून घ्या. भागीरथीच्या स्वतःच्या खालच्या दाढा एकेक करून किडल्या आणि रडवून रडवून गेल्या. पोरीवर ती वेळ येऊ नये म्हणून गेली बिचारी दवाखान्यात, नाहीतर कशाला मरायला जाते!

धनश्री खुर्चीत मजेत बसली. सुई नाही, मशीन नाही. डॉक्टरीणबाईंनी दाढ साफ केली, औषध लावून धुतली, कोरडी केली आणि बारीक नळीतून वर एक थेंब सोडला. मग निळा दिवा धरला.

"झाला बघा कडक," त्या म्हणाल्या.

कडक? भागीरथी खुर्चीजवळ सरकली. अशीच नळी, असाच थेंब, तिच्या घरच्या गमचा! धनश्री लहान असताना त्या गमने तिची दोन बोटं चिकटली होती. सोडवताना कातडी निघाली, आणि ते किंचाळणं आईच्या कानांतून अजून गेलं नव्हतं. हा थेंब जिभेला लागला तर? घशात उतरला तर? दुसरी दाढ झाली, तिसरी झाली. तेवढ्यात धनश्री खोकली.

"बस करा वं माय! मनी पोरनं तोंड चिकटी जाई!" भागीरथी गावाकडच्या बोलीत ओरडली.

"अहो ताई, हा साडीचा गम नाही. दिवा धरेपर्यंत पुसता येतो. एकच दाढ राहिली, दोन मिनिटं थांबा."

पण ऐकतंय कोण? पोरीला ओढतच तिने रिक्षात घातलं. घरी येऊन तोंडात बोट फिरवून पाहिलं, तर जीभ धडधाकट. "मम्मी, भूक लागली," एवढंच पोर म्हणाली. भागीरथी स्वतःवरच हसली. पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ, म्हणाली. पण दवाखान्याची पायरी चढायचं नुसतं मनात आलं तरी छातीत धडधडायचं. मग कधी गाठोडं आडवं यायचं, कधी पाहुणे.

परवा धनश्री गाल धरून उठली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून दाखवलं. तीन दाढा जशाच्या तशा होत्या. चौथीत काळं भोक.

"आता सुई द्यावी लागेल आणि कोरावंही लागेल," त्या म्हणाल्या.

भागीरथीने पोरीचा खांदा घट्ट धरला, सोडेच ना. माझ्यामुळे झालं गं, माझ्यामुळे, एवढंच तोंडातून निघत होतं. धनश्रीने गालावरचा हात काढला.

"मम्मी, तू बाहेर बस ना. तू जवळ असलीस की मला भीती वाटते."

भागीरथी उठली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.