बाबांची बोट: वाफेवर की बॅटरीवर?

मंडळी, मी फुल कन्फ्यूज आहे, म्हणून इथे विचारतेय.

माझे सासरे, म्हणजे बाबा, इथल्या कपडा मिलमध्ये बॉयलरवर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी हातभर लांब पत्र्याची आगबोट बनवली. आत छोटासा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. खरोखर वाफेवर चालते. मागच्या रविवारी दिवा पेटवताना त्यांचा हात भाजला. मी म्हटलं, बस झालं, आता बॅटरी लावू.

आज सकाळी बॉयलर काढून मोटर बसवली आणि कॉलनीच्या बागेतल्या हौदावर गेलो. बटण दाबलं आणि बोट सुळकन निघाली. ना पाणी तापवायचं, ना वाट बघायची. मी एकदम खूश!

बाबा काठावर तसेच उभे. म्हणाले, "बेटा, चालू कर ना."

"बाबा, ती तर केव्हाच पलीकडे पोहोचली."

ते हळूच म्हणाले, "आवाजच नाही तिला. मला कसं कळणार?"

इतके दिवस आम्हाला वाटायचं, बाबा बोट बघतात. ते तर तिची फुसफुस ऐकत होते! तेवढ्या लांबचं त्यांना दिसतच नाही, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

डोळे दाखवायला उद्या तुकोगंजच्या डॉक्टरांकडे नेतेच आहे. पण बोटीचं काय करू, भिया? घुंगरू बांधू म्हटलं तर चिडले, "बकरी आहे का ती?"

आत्ता हे लिहितेय, आणि बाबा समोर बसून पट्टी बांधलेल्या हातानं जुना बॉयलर पुसतायत.

सांगा, त्यांना थांबवू का?