राईचा कौल आणि टाळलेला प्रश्न

राईतलं तोडकाम आज सकाळीही बंद आहे. आमच्या सरपंचबाईंनी फोनवर तसं सांगितलं, आणि मी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली… वर्तमानपत्रात आयुष्य गेलं, सवय जात नाही.

राई म्हणजे पाटण तालुक्यातल्या आमच्या गावची देवराई. जांभूळ, हिरडा, अंजनी, मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली… भर दुपारी आत जमिनीला ऊन लागत नाही. तिथली वाळलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम माझ्या पणजोबांच्याही आधीचा.

राईच्या पायथ्याशी झरा आहे. वाडीपर्यंत टँकर चढत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात खालची वाडी त्याच झऱ्यावर जगते. माझी चुलत वहिनी, सुशीलावहिनी, तिथेच राहतात. भाऊ गेल्यापासून म्हशींवर घर चालतं, आणि म्हशी या पाण्यावर.

आता देवस्थान कमिटीला देऊळ मोठं करायचंय. सभामंडप, पार्किंग, पेव्हर ब्लॉक… कमिटीचा अध्यक्ष विलास, आमच्याच भावकीतला. त्याला जागा हवी होती आणि ठेकेदाराला लाकूड.

परवा आणि काल मी गावातच होतो. राईतल्या झाडाला हात लावायचा तर आधी देवाला कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

गुरवतात्यांनी विचारलं, देवा, झाडं काढू का… डावं पडलं.

विलास म्हणाला, फुलं फार ओली होती. पुसून पुन्हा लावली, पुन्हा डावं. मग वाऱ्याचं निमित्त झालं. दार लोटून घेतलं… तरी डावंच. मी कौल मानणारा माणूस नाही, पण हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायची ही रीत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

शेवटी विलासनं प्रश्नच बदलला. "तात्या, आसं इचारा. देवा, तुजं देऊळ मोठं बांधू का?"

तात्यांनी खाली मान घालून विचारलं. थोड्या वेळानं उजवं फूल पडलं. घंटा वाजली, पेढे वाटले गेले, आणि लगेच कटर सुरू झाला.

पहिलं जांभूळ पडलं. त्याच्या आवाजापेक्षा त्यानंतर जमिनीवर पडलेला उन्हाचा तुकडा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही… तिथली माती ऊन पहिल्यांदाच बघत असावी.

ठेकेदार मला समजावत होता. काका, काळजी नको, एका झाडामागे दहा रोपं लावणार आहोत, तिकडं माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. त्या माळावर मी दुष्काळाच्या बातम्या करत हिंडलोय. तिथं गवत येतं आणि त्या गवतावर मेंढरं जगतात. म्हणजे इथली राई कापायची आणि तिची भरपाई म्हणून तिथल्या मेंढपाळाच्या चराईत खड्डे मारायचे… नुकसान दोन्ही टोकांना, हिरवळ फक्त कागदावर.

गरीब देशांनी आपली जंगलं राखावीत, नाहीतर पृथ्वी आणखी तापेल, म्हणून परदेशात परिषदा भरतात. अहो, आमच्या लोकांनी कुणी न सांगता राखली होती. पिढ्यान्‌पिढ्यांचा कार्बन खोडात, मुळात, कुजलेल्या पाचोळ्यात धरून बसलेली राई दुपारभरात उघडी करायची आणि वीतभर रोपांकडे बोट दाखवायचं… आणि याच कमिटीचे पर्यावरण दिनाचे फोटो अजून फेसबुकवर आहेत.

काल सकाळी कटर पुन्हा सुरू व्हायच्या आत सुशीलावहिनी वाडीतल्या बायकांना घेऊन वर आल्या. विलासनं हात जोडले. देवानंच कौल दिलाय, आता माझ्या हातात काय आहे, असं म्हणाला.

"आवं भावजी," वहिनी म्हणाल्या, "देवानं देवळाला व्हय म्हटलंय. झाडाला न्हाईच म्हटलंय की. ते बी किती डाव."

मागं कुणीतरी हसलं. ठेकेदारानं त्यांनाही माणातली रोपं ऐकवली.

"मग माणातलं पानी आमच्या झऱ्याला कसं येनार म्हनं? यष्टीनं धाडताय का?"

एवढं बोलून वहिनी खूण केलेल्या हिरड्याला टेकून बसल्या. बाकीच्याही एकेका झाडापाशी बसल्या. विलासनं तात्यांकडे पाहिलं. परवा मान खाली घातलेल्या तात्यांनी या वेळी वर पाहिलं आणि म्हणाले, "ती म्हनती ते खरं हाय. झाडाचा कौल डावाच हाय."

विलासनं ठेकेदाराला थांबायची खूण केली. कौलाचा आधार त्यानंच घेतला होता… दुपारी ठेकेदाराची माणसं कटर घेऊन खाली उतरली.

मला राग याचा येतो की आपलं पाणी वाचवायला एका बाईला देवाची साक्ष काढावी लागली. झरा आटेल, म्हशी विकाव्या लागतील, वाडी उठेल… एवढं कारण पुरेसं नव्हतं का? आणि त्या जांभळाचं काय? ते आडवंच पडलंय.

सोमवारी ग्रामसभा आहे. विलास सगळ्यांदेखत पुन्हा कौल लावायचा म्हणतोय, असं सरपंचबाईंनी सांगितलं. कमिटीतले काही जण मंडप लहान करायला तयार आहेत, काही नाहीत. ठेकेदाराचा ट्रक अजून फाट्यावरच उभा आहे.

बायका त्या दिवशी सकाळपासून राईत बसणार आहेत. मीही साताऱ्याहून निघतोय… पाटण, कराडकडच्या मित्रांना जमलं तर या. काय काय आणू, असं मी वहिनींना फोनवर विचारलं.

"सतरंज्या आना," त्या म्हणाल्या. "लय येळ बसावं लागंल."