अठरा व्होल्ट, चाळीस अँपियर

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. एप्रिल महिना. फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या आमच्या वर्कशॉप कंपनीनं समुद्रपूरच्या अलीकडे, कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात उन्हाळी सरावासाठी तळ टाकला होता. मी नायक, इलेक्ट्रिशियन. घर बोरगाव मेघेला, पण रजा बंद होती.

पाचला पीटी, साडेसातला फॉल-इन, आठला जनरेटर चालू. जनरेटरपासून वेल्डिंग शेडपर्यंतची लाइन एका ठेकेदारानं ओढली होती. तिच्यावर कुणी सही केली, ते मला कधीच कळलं नाही.

त्या दिवशी दहाला वेल्डर तक्रार घेऊन आला. आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, धरत नव्हता. मी मीटर घेऊन निघालो. जनरेटरवर २२० व्होल्ट, वेल्डिंग सेटवर १९६. चोवीस व्होल्ट वाटेत मरत होते. मी लाइन धरून चालत गेलो. स्टोअर शेडच्या बांबूच्या तट्ट्यात टेप गुंडाळलेला एक जोड सापडला. आत तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडलेली. टेप मऊ पडला होता. हात लावला आणि झटकन मागं घेतला. जोडाच्या दोन्ही बाजूंना सुया टोचून मोजलं. अठरा व्होल्ट.

स्टोअर लान्स नायक गुणवंत भोयरच्या ताब्यात होतं. नाचणगावचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो.

"का मोजून राह्यला बे?"

"हा एक जोड अठरा व्होल्ट खाऊन राह्यला. लाइनीत चाळीस अँपियर आहे. अठराले चाळीसनं भाग."

"पॉइंट पंचेचाळीस."

"तेवढा ओहम त्याचा रेझिस्टन्स. इथं जवळपास शून्य पायजे. आता गुणाकार कर."

"सातशे वीस." हिशेबात तो माझ्यापेक्षा तेज होता.

"सातशे वीस वॉट. पेटलेली शेगडी तुह्या भिंतीत ठेवली, असं समज."

"मंग चहाचं आधण ठेवू का?" तो हसला. मग मागं वळून पाहिलं आणि हसणं थांबलं. तट्ट्याला टेकून कॉटन वेस्टची, तेल पुसायच्या सुताच्या गुंत्याची, पोती होती. पलीकडे गॅसची तीन सिलिंडरं.

दहा चाळीसला मी जॉब कार्डावर वेळ, आकडे आणि 'लाइन ताबडतोब बंद करावी' असं लिहून सुभेदार साहेबांपुढे ठेवलं.

"मशीन चल रही है?"

"जी साब. लेकिन जोड जल रहा है."

"फ्यूज उडा?"

"नहीं साब. फ्यूज साठ का है, करंट चालीस. नहीं उडेगा."

"कल इन्स्पेक्शन है. सात गाडियाँ बाकी हैं. शाम को देखेंगे."

"साब, स्टोअर में..."

"नायक. शाम को."

मी सॅल्यूट केला. मेन स्विच माझ्या हाताखाली होता. मी तो ओढला नाही. गुणवंतला फक्त पोती हलवायला सांगितलं. त्यानं निम्मी हलवली, तेवढ्यात त्याला गाडीतला माल उतरवायला बोलावलं.

दोन वीसला धूर दिसला. मी धावत जाऊन स्विच पाडला. तोवर तट्टा पेटला होता. फील्ड टेलिफोनवर मीच ओरडलो, "स्टोअर शेड में आग! पानी का टँकर भेजो!"

"टँकर भरने गया है. वेट."

वेट!

शेजारच्या शेडमध्ये नऊ माणसं काम करत होती. गुणवंत सिलिंडरं काढायला स्टोअरमध्ये घुसला. एक सिलिंडर ओढत बाहेर काढलं. मग दुसरं. मी त्याचा दंड धरला.

"बस झालं बे, गुणवंता!"

"एकच राह्यलं. सोड."

तिसरं सिलिंडर त्यानं दारापर्यंत आणलं होतं, तेव्हा छप्पर कोसळलं. आम्ही त्याला ओढून काढलं. दवाखान्याच्या वाटेवर, तीन पन्नासला तो गेला. त्या नऊ जणांना खरचटलंसुद्धा नाही.

चौकशी झाली. कारण लिहिलं: शॉर्ट सर्किट. मी उभा राहून सांगितलं, शॉर्ट झाला असता तर फ्यूज उडाला असता. जोड बरोबर चाळीस अँपियरवरच जळत होता आणि तसं मी लिहून दिलं होतं. जॉब कार्ड मागवलं, तर फाइलीत नव्हतं. एका साहेबानं विचारलं, "हे आकडे तुला नंतर सुचले का?" मी सावधानमध्ये उभा, हात पँटच्या शिवणीला चिकटलेले होते. ते तिथंच राहिले. आजही तो प्रश्न आठवला की मुठी वळतात.

नाचणगावला निरोप घेऊन मीच गेलो. गुणवंतची बायको सुमन ओट्यावर बसून होती. मी सगळं सांगितलं. आकडेही सांगितले.

"तुमाले मालूम होतं न, भाऊजी?"

"होतं."

"मंग बटन काऊन नाई बंद केलं?"



तो लढाईत मेला नाही, म्हणून शहिदांच्या कोणत्याही फळ्यावर त्याचं नाव नाही. म्हणून इथं लिहितो. लान्स नायक गुणवंत भोयर, नाचणगाव. वय सत्तावीस. तिसरं सिलिंडरही त्यानं दारापर्यंत आणलं होतं.