त्या नावाच्या चौघी

ते नाव मी इथे लिहिणार नाही. रेशन कार्डावर ते आहे, मतदार यादीतही आहे, पण ते सरकारने लिहिलंय आणि त्याचं जे काय होईल ते सरकार पाहून घेईल. मी माझ्या हाताने ते कागदावर उतरवणार नाही. का, ते सांगते. ऐकून हसलात तर हसा. त्या दिवसांत आमच्या गावात कोणी हसत नव्हतं.

लग्न होऊन राळेगावच्या पलीकडच्या त्या गावात आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि माझं नाव दुसरंच होतं. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या घडीपासून माहेरचं नाव मेलं. माझा नवरा चौथी पास. त्याने ते तीन अक्षरी नाव काढायला इतका वेळ लावला की मांडवातले अर्धे वऱ्हाडी जेवून, झोपून, उठून परत आले. नाव वाचल्यावर गावातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या. त्या नावाच्या तिघी गावात आधीच होत्या, आणि तिघीही अशा की सात तालुक्यांत जोड नाही. ‘या नावाच्या बाया मरत नसतात,’ असं गावात म्हणत. म्हणून तर माझ्या नवऱ्याने ते निवडलं. मी तेव्हा काडीसारखी बारीक होते. त्याला वाटलं, नावाने तरी टिकेल.

पहिली मोहवाली. मोहाची फुलं वेचायला रानात गेली असता अस्वल पुढ्यात उभं राहिलं. हिने फुलांची टोपली त्याच्या तोंडावर उपडी घातली, कान धरला आणि नाल्यापर्यंत नेऊन सोडलं. अस्वल मी पाहिलं नाही, खोटं कशाला बोलू? पण त्याचा लांबलेला कान पाहिलेले तिघे जण मला भेटलेत.

दुसरी हॉटेलवाली. चार फळ्या आणि एक चूल, त्याला हॉटेल म्हणायचं. एसटी थांबायची तिथे तिचा चहा. तिने इथून हाक मारली की राळेगावच्या स्टँडवर ड्रायव्हर गाडीत चढून बसायचा.

तिसरी दायी. अर्धा तालुका तिच्या हातावर जन्मलेला. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी गावाला तिने सांगितलं, ‘आता मी मांगच्या दारानं येनार नाई. बाळ पायजे त समोरच्या दारात सतरंजी टाका.’ गावाने महिनाभर नाक मुरडलं. मग पाटलाची सून अडली, आणि समोरच्या दारात सतरंजी पडली.

आणि चौथी मी.

त्रेसष्ट साल असेल. कापूस वेचणीचे दिवस, घराघरांत छतापर्यंत कापूस भरलेला, आणि मला सातवा महिना. एका सकाळी बातमी आली, मोहवाली गेली. चार दिवस तापाने फणफणत होती. आम्ही सगळ्या धावलो. बाहेर बांबू आले होते, तिरडी बांधणं सुरू होतं. बायकांनी तिला आंघोळीला बसवली. पाणी चुलीवरून थेट उतरवलेलं, विसण घालायचं कोणाच्या ध्यानात नाही. पहिला तांब्या अंगावर पडला आणि प्रेत ओरडलं,

“चटका लागला न वो, रांडेहो!”

तांब्या टाकून बायका अशा पळाल्या की दोघी जणी कुडातून आरपार गेल्या, दार शेजारीच उघडं असून. मी पोट धरून तिथेच बसले, कारण माझे पाय पळायचं विसरले होते. म्हणून पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं.

मोहवालीने पाणी मागितलं, घटाघटा प्यायली आणि म्हणाली, “दोघं जन आलते. काये, उंच. मले नेलं. तिथं एक बसून होता, थ्यानं माह्याकडे पाह्यलं अन् त्या दोघाईवर खेकसला. ‘हे नोय! याच नावाची, याच गावातली दुसरी. हिले वापस नेऊन सोडा, अन् तिले आना.’”

तोवर पळालेल्या बायका पुन्हा अंगणात जमल्या होत्या. हे ऐकून कोंबड्यासुद्धा चोच जमिनीत ठेवून थांबल्या. मग एकेक मान वळली. आधी दायीकडे, मग हॉटेलवालीकडे, आणि शेवटी माझ्याकडे. माझ्या चेहऱ्याकडे नाही. पोटाकडे.

त्या दिवसापासून गावाने ते नाव तोंडातून काढून टाकलं. का, तर ऐकणारे कुठे उभे असतील सांगता येत नाही. नवऱ्याने स्वतः निवडलेलं नाव, पण तो मला ‘अवो’, ‘अवो घरातली’ असल्या हाका मारू लागला. आणि दुसरा नियम त्याहून वाईट. आम्ही चौघींनी एकमेकींच्या जवळ यायचं नाही. ते दोघं एकदा चुकले, पुन्हा चुकतील. विहिरीवर हॉटेलवाली दिसली की मी रिकामी घागर घेऊन माघारी. ती मला पाहून तिचा तो आवाज गिळून टाकी. तिने हॉटेलच बंद केलं. उंच, काळे अनोळखी दोघे एसटीतून उतरले की तिला घाम फुटायचा, आणि आमच्या भागात उन्हात राबणारा कोण गोरा असतो?

दायीला मात्र लोक विचारत, “बुढे, तुले भेव नाई लागत?”

“आमी तेहतीस कोटी सोडले,” ती म्हणायची, “त्यात थो रेड्यावाला बी गेला. तुमचा देव, तुमी भेवा.” पण बोलताना ती एकाच पानाला दोन-दोनदा चुना लावत असे. मी लांबून पाहिलंय.

मी तर रोज मरत होते. कापूस वेचताना बोंडाचं टोक बोटात रुतलं तरी वाटे, बोलावणं आलं. पोटातलं बाळ लाथ मारायचं ते बरं वाटायचं, आणि नाही मारली की मी जागच्या जागी दगड. मनाशी हिशेब मांडून पाहिला: दायी सत्तरीची, जायचीच तर तिने जावं. हा विचार आला आणि स्वतःचीच भीती वाटली. माझं बाळ तिच्याच हातावर यायचं होतं.

एका सकाळी चुलीपाशी सासू भाकरी थापत होती, तेव्हा मला एकदम सुचलं. मी म्हणाले, “आत्याबाई, त्याच्या वहीत तर जन्माचंच नाव असंन न? बारशाचं. लग्नातलं नाव त्याले कोन सांगते? मंग मी यादीतच नाई!”

सासूच्या हातातली भाकर तव्याऐवजी विस्तवात पडली.

“तोंड बंद ठेव,” ती म्हणाली. “पुन्यांदा हे बोलायचं नाई. कोनापाशीच नाई.”

मला वाटलं, अभद्र बोलले म्हणून रागावली. माझी सासू तशी कमी बोलणारी, शेणाची गोवरीसुद्धा आवाज न करता थापणारी. त्या दिवसापासून ती जास्तच गप्प झाली. मी मात्र माझ्या शोधावर खूश होते. दोन दिवस पोटभर जेवले. मग तिसऱ्या दिवशी मनात आलं की मोहवालीलासुद्धा ते नाव लग्नातच मिळालेलं, तरी तिला नेलंच की. भूक परत गेली.

होळीच्या आधी, भर दुपारी, कळा सुरू झाल्या.

दायीला बोलावणं गेलं. ती येईना. निरोप आला की शेजारच्या गावची दायी आणा. शेजारचं गाव तीन कोस, बैलगाडी वावरात, आणि मला तर वाटत होतं बाळ पाय आपटत दारातच उभं आहे. शेवटी सासू स्वतः गेली. ती परतली तेव्हा मागे दायी होती. दारात तिच्यासाठी सतरंजी टाकलेली, पण तिने तीवर पाय ठेवला नाही. बाहेरच उभी.

“मी आत आली अन् त्याच येळेले थे आले त?” ती सासूला म्हणत होती. “नाव एक, खोली एक. माह्या भरवशावर पोरीले उचललं त? लेकरासंगं? मले माह्या जिवाचं काई नाई वो.”

“थ्याईले मी उंबऱ्यावरच अडवतो,” सासू म्हणाली. “तू आत चाल.”

“तू कायची अडवतं?”

“अडवतो म्हनलं न. चाल.”

दायीने क्षणभर विचार केला आणि मग गल्लीकडे तोंड करून हॉटेलवालीला आणि मोहवालीला बोलावणं धाडलं. “एक चूक होते त चार होऊ द्या. चौघी एका जागी बसू. इचारलं का तुमच्यातली कोन, त चौघीनं हाओ म्हनायचं. मंग पाहू कोनाले नेते.”

त्या आल्या. दोघींचे चेहरे पीठ लावल्यासारखे पांढरे, पण आल्या. खोलीत एका बाजूला छताला टेकलेला कापूस, दुसऱ्या बाजूला मी, आणि माझ्याभोवती त्या तिघी. त्या नावाचा एवढा मोठा ढीग यमाच्या बापानेही कधी पाहिला नसेल. मोहवालीने माझा उजवा हात धरला, तो आजही त्या जागी चपटा आहे. हॉटेलवाली माझ्या वाट्याचं ओरडत होती. दायीने पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, “पायाकडून येऊन राह्यलं.” पायाळू. हॉटेलवालीसुद्धा गप्प झाली.

आणि सासू? सुनेचे खांदे धरायचे ते सोडून ती उंबऱ्यावर बसली होती, आमच्याकडे पाठ करून. मला इतका राग आला की कळ विसरले. बाहेर कोणाची तरी पावलं वाजली की ती ताठ व्हायची आणि काहीतरी पुटपुटायची. एकदा अंगणात दोघं जण आले. शेतावरून निरोप घेऊन आलेली माणसं असतील, मला काय दिसणार? पण मी तिचा आवाज स्पष्ट ऐकला. ती ते नाव घेत होती. दोन-अडीच महिने ज्या गावात ते कोणी ओठावर आणलं नव्हतं, तिथे माझी सासू ते मोठ्याने घेत होती.

ही मला दाखवून देते आहे, मला वाटलं. घरावरची टांगती भीती एकदाची सुटावी म्हणून सुनेला आणि नातवाला दारातूनच सोपवते आहे. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिचं पुढचं बोलणं ऐकू आलं.

“मीच होय थे. आर्नीकडची. माह्या बापानं ठेवलेलं नाव हाये. आत पाहू नका. आत कोनी नाई त्या नावाचं. न्याचं त मले न्या.”

दायीचे हात थांबले. तिघींनी दाराकडे पाहिलं. अंगणातली माणसं काहीच न बोलता निघून गेली असावीत, कारण पावलं दूर गेली. मग दायी माझ्यावर खेकसली, “आता जोर लाव वो! तुह्या सासूनं थांबोलं त्याईले, तू कायले थांबून राह्यली?”

मुलगी झाली. पायाकडून आली, निळी होती, दायीने पायाला धरून उलटी केली आणि पाठीवर मारली तेव्हा रडली. ते रडणं राळेगावापर्यंत गेलं असणार, कारण संध्याकाळची एसटी लवकर आली.

दायीने उंबऱ्यावर बसलेल्या सासूला विचारलं, “कवाचं हाये हे नाव?”

“बारशाचं,” सासू म्हणाली. “इथं आली तवा माह्या नवऱ्यानं बदलोलं. त्याले बी आता आठवत नसंन. ही पोरगी चुलीपाशी म्हने, तिकडं बारशाचंच नाव असते. मंग राह्यलं कोन? तुमी तिघी अन् ही मांडवातल्या नावाच्या. जन्माची एकटी मीच.”

त्या सकाळपासून ती एकटी हे घेऊन भाकरी थापत होती. माझ्या हुशारीने तिची झोप उडवली होती आणि मी पोटभर जेवत होते.

त्या वर्षी त्या नावाचं कोणीच गेलं नाही. हेच वाईट झालं. कोणी एक गेली असती तर बाकीच्या सुटल्या असत्या. हॉटेलवालीने पाडव्याला चूल पेटवली, दायीने पुन्हा दमदाटी सुरू केली, मोहवाली रानात गेली. त्यांना वाटलं, टळलं. मला तसं वाटेना. आता मला सासूची खोकल्याची उबळ ऐकू यायची. ती विहिरीवर गेली की परत येईपर्यंत मी दारात. कोणी उंच माणूस वाटेने दिसला की मी आधी तिला शोधायची.

चैत्रातल्या एका दुपारी ती ओसरीत आडवी झाली होती, पोटावर नात निजलेली. दोघींच्या अंगावर माशा बसत होत्या आणि कोणी हलत नव्हतं. मी जवळ गेले. नातीचं पोट वरखाली होत होतं. सासूचं होत होतं की नाही, ते कळेना. मी तिच्या नाकापाशी हात धरला. काही लागेना. हात आणखी जवळ नेला. पार नाकाला टेकला.

डोळे न उघडता ती म्हणाली, “हात काढ वो. दम कोंडून राह्यला.”